लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, २० जून १८६९, मृत्यू : पुणे, २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रनिर्माते आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक, पाण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने ही त्यांच्या कारखान्याची प्रमुख उत्पादने होत. औंध संस्थानात त्यांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी ही भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते. माणसाचा हात, बैल आणि पुढे इंजिन यांच्यापासून मिळणारी गती शेतकऱ्याला परवडेल अशा साधनाने कामाच्या चाकापर्यंत पोहोचवणे, हा त्यांच्या बहुतेक यंत्रांमागील समान प्रश्न होता. नांगर हा त्याला ठळक अपवाद आहे.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. शालेय अभ्यासापेक्षा लक्ष्मणरावांचा ओढा चित्रकलेकडे आणि हस्तकौशल्याकडे होता. वडिलांना हे पसंत नव्हते. परंतु थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी त्यांची बाजू घेतली आणि ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही काळानंतर त्यांना अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले. रंगचित्रे सोडून द्यावी लागली आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. या विषयात रंगांची गरज नव्हती; रेषा, माप आणि प्रमाण यांवरच सारे काम चाले.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते आरेखनाचे साहाय्यक शिक्षक झाले. संस्थेच्या कार्यशाळेत मिळेल तेवढा वेळ घालवून त्यांनी यंत्रे उघडणे, दुरुस्त करणे व जोडणे यांचा सराव केला. अमेरिकन यांत्रिक नियतकालिके ते नेमाने वाचत. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका युरेशियन सहकाऱ्याची निवड झाली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

सायकलींचा व्यवसाय

मुंबईत नोकरीत असतानाच लक्ष्मणरावांनी सायकलींच्या व्यापाराकडे लक्ष दिले होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. या व्यवसायाची सुरुवात १८८८ सालची मानली जाते व तेच वर्ष किर्लोस्कर ब्रदर्स या पेढीचे स्थापनावर्ष म्हणून दिले जाते. विक्रीबरोबर सायकल चालवण्यास शिकवणे आणि दुरुस्ती हीही कामे दुकानात होत.

सायकल हे वाहन त्या वेळी नुकतेच बदललेले होते. त्यापूर्वीच्या उंच सायकलीत पायटे थेट पुढच्या चाकाच्या आसावर असत. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे वेग हवा असेल तर चाकच मोठे करावे लागे आणि स्वाराला माणसाच्या उंचीवर बसावे लागे. १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये साखळीची सायकल रूढ होऊ लागली. पायट्याच्या चाकाला ४८ आणि मागच्या चाकाच्या आसावरील दातेरी चकतीला १८ दाते असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक अडीच पटींहून अधिक फिरते. चाक लहान ठेवूनही वेग मिळू लागला आणि स्वार जमिनीजवळ आला. साखळी घसरत नाही, दोन चाकांत अंतर असले तरी चालते आणि दोन्ही चाके एकाच दिशेने फिरवते, हे तिचे गुण होत. मात्र दोन्ही चकत्या एका रेषेत असाव्या लागतात, धूळ आणि चिखल तिला सोसत नाही, आणि त्या काळात तुटलेल्या साखळीची जागा भरून काढण्यासाठी परदेशी माल मागवण्यावाचून गत्यंतर नव्हते. सायकलीचा कणा, बेअरिंग व साखळी हाताळता हाताळता लक्ष्मणरावांचा यांत्रिक हिशेब पक्का झाला. पण शेतीच्या अवजारांत त्यांनी साखळीचा मार्ग धरला नाही.

याच काळात त्यांनी अमेरिकन बनावटीच्या सॅमसन पवनचक्क्यांचीही विक्री केली. वाऱ्याने वेगाने फिरणाऱ्या पंख्याची गती दातेरी चाकांनी मंद करून, तिचे पंपाच्या दांड्याला लागणाऱ्या वरखाली हालचालीत रूपांतर करणे, असे या चक्कीचे काम असते. वारा नसेल तेव्हा ती उभी राहते, ही तिची मर्यादा होती.

बेळगावातील कार्यशाळा

बेळगावात लक्ष्मणरावांनी छोटी कार्यशाळा उभी केली. तिच्यात एक लहान लेथ, एक छिद्रण यंत्र, धार लावण्याचे एमरी यंत्र आणि ती चालवण्यासाठी अडीच अश्वशक्तीचे तेल इंजिन एवढीच सामग्री होती. एका इंजिनावर अनेक यंत्रे चालवण्याची त्या काळातील सर्वत्र रूढ रीत म्हणजे छपराखालून जाणारा लांब शाफ्ट आणि त्यावरील पुल्यांवरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे चामड्याचे पट्टे. यंत्र थांबवायचे असेल तर पट्टा सैल पुलीवर सरकवायचा, उलट फिरवायचे असेल तर पट्टा इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे तिढा देऊन बसवायचा. पट्टा स्वस्त असतो, लांब अंतर तोडतो आणि यंत्र अडकले तर घसरून मोडतोड टाळतो.

लेथवर मात्र पट्टा सगळी कामे करू शकत नाही. आटे पाडताना कामाचा दांडा एक फेरा घेईल तेवढ्यात हत्यार नेमके ठरावीक अंतर पुढे सरकले पाहिजे. पट्टा थोडासा जरी घसरला तरी आटे बिघडतात. म्हणून शाफ्टपासून लेथपर्यंत पट्टा आणि लेथच्या आत दांड्यापासून सरकत्या स्क्रूपर्यंत दातेरी चाके, अशी विभागणी असते. घसरण चालेल तेथे पट्टा, प्रमाण चुकता कामा नये तेथे दाते, हा फरक लेथवर काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराला रोज दिसत असे.

या कार्यशाळेतून प्रथम कडबा कापण्याची यंत्रे बाहेर पडली आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. नांगराची पहिली विक्री होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांतील समजूत त्याच्या आड आली. फाळाच्या लोखंडाची कठीणता साधणे हेही सोपे नव्हते. नांगराच्या यशानेच कारखान्याला स्थैर्य दिले. परंतु त्यात फिरणारे चाक नसल्याने येथे त्याचा अधिक विस्तार केलेला नाही.

किर्लोस्करवाडी

नांगराला मागणी येऊ लागली तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीच्या योजनेसाठी कार्यशाळेची जागा रिकामी करण्यास सांगितले. चाळिशी गाठलेल्या लक्ष्मणरावांकडे पर्यायी जागा नव्हती आणि भांडवलही नव्हते. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा परिचय होता. औंध येथील मंदिराच्या सभामंडपाचे काम त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे होते. पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड रेल्वे स्थानकालगतची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी तेथे वसाहतीची स्थापना झाली. जमीन निवडुंगाने भरलेली, सापांचा वावर असलेली व पाण्याची टंचाई असलेली होती. रेल्वे स्थानक हाच तिचा मोठा गुण. पुढे हे स्थानकही किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्यात आहे.

शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे आणि अनंतराव फळणीकर हे सुरुवातीचे सहकारी होते. रूढ अर्थाने त्यांतील कोणी तयार उद्योगतज्ज्ञ नव्हते. यंत्रांची उभारणी, हिशेब आणि वसाहतीची व्यवस्था त्यांनी आपसांत वाटून घेतली. शिक्षा भोगलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी विश्वासाची कामे दिली आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये असा त्यांचा आग्रह असे. पहिल्या महायुद्धात आयात थांबल्यामुळे लोखंड, कोळसा व रंग यांचा तुटवडा पडला. मात्र परदेशी अवजारेही बाजारात येईनाशी झाल्याने कारखान्याच्या मालाची मागणी वाढली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवण्यात आली.

गती पोहोचवण्याच्या पद्धती

लक्ष्मणरावांच्या आधी मराठी मुलखात फिरत्या गतीचा उपयोग नव्हता असे नाही. छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्कीत पाण्याच्या झोताने फिरणारे आडवे चाक आणि वरचे जाते एकाच उभ्या आसावर आहेत. चाकाचा वेग जात्याला चालण्याजोगा असल्याने मध्ये दुसरे काही लागत नाही. रहाटगाडग्यात बैल आडवे चाक फिरवतात आणि त्याच्या लाकडी खुंट्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकून गती काटकोनात वळते. ही लाकडी दातेरी चाके गावचा सुतार घडवू शकत असे व तुटलेली खुंटी त्याच दिवशी बदलता येई. देशावर मोट अधिक प्रचलित होती आणि तीत दातेरी चाक नव्हतेच. नाडा, चाक आणि उताराची धाव एवढ्यावर तिचे काम भागे. नव्या यंत्राला याच साधनांशी तुलना सहन करावी लागत होती. ते मोडले तर जवळ दुरुस्त होईल का, हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असे आणि तो रास्त होता.

कडबा कापण्याच्या यंत्रात जड गतिचक्रावर पाती बसवलेली असतात. माणूस मूठ धरून चक्र फिरवतो. त्याच आसावरून लहान दातेरी चाकांची मालिका निघून दोन लाटा फिरवते आणि त्या लाटा कडब्याची पेंढी पात्यांकडे ढकलतात. पात्याच्या एका घावापासून दुसऱ्या घावापर्यंत लाटा जेवढा कडबा पुढे सारतात, तेवढी कुट्टीची लांबी होते. म्हणजे कुट्टी लांब की आखूड हे दात्यांच्या संख्येवर ठरते. चाक बदलले की लांबी बदलते. येथे पट्टा लावला तर जाड पेंढी येताच तो घसरेल आणि तुकडे असमान पडतील. गतिचक्राचे वजनही कामाचे आहे. पाते कडब्यात शिरण्याच्या क्षणी लागणारी जादा शक्ती त्यात साठवलेली असते, अन्यथा प्रत्येक घावाला हात अडखळला असता. याच साठलेल्या शक्तीमुळे मूठ सोडल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात आणि निष्काळजीपणाने बोटे गमावण्याचा धोका या यंत्रात कायम राहतो.

उसाच्या चरकात प्रश्न निराळा होता. तीन उभ्या लाटांपैकी मधली लाट बैलांच्या लांब दांडीला थेट जोडलेली असते. बैलजोडी मिनिटाला दोन-तीन फेरे घेते आणि रस काढण्यास एवढीच मंद, पण जोरदार गती हवी असते. बाजूच्या लाटा मधल्या लाटेच्या उलट दिशेने फिरल्या तरच ऊस आत ओढला जातो. एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके नेहमी उलट दिशांनीच फिरतात. त्यामुळे चरकाला लागणारी गोष्ट दातेरी चाकातून आपोआप मिळते. साखळीने किंवा सरळ पट्ट्याने दोन्ही लाटा एकाच दिशेने फिरल्या असत्या. शिवाय लाटा इतक्या जवळ असतात की मध्ये पट्ट्याला जागाच उरत नाही, आणि रस व चोयट्या यांत भिजून तो टिकलाही नसता. लाटांमधील फट कमी-अधिक करता यावी यासाठी चरकाच्या चाकांचे दाते लांब ठेवावे लागतात, जेणेकरून आस थोडे दूर गेले तरी दात्यांची पकड सुटत नाही. लाकडी चरकाच्या तुलनेत लोखंडी चरकात रस अधिक निघे. गुऱ्हाळाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. हंगामात चरक बंद पडला तर तोडलेला ऊस वाळतो व त्यातील साखरेचा उतारा घटतो, म्हणून जाडजूड, ओबडधोबड पण न मोडणारे दाते नाजूक व अचूक दात्यांपेक्षा श्रेयस्कर ठरत.

दातेरी चाके पसंत पडण्याला आणखी एक कारण होते व ते कारखान्याच्या घडणीत होते. नांगरामुळे किर्लोस्करवाडीत ओतकाम विकसित झाले होते. लाकडी नमुना करून वाळूच्या साच्यात चाक दात्यांसह ओतता येते. मंद गतीच्या यंत्रांत दाते यंत्रावर कापण्याची गरज पडत नाही. अशी चाके आवाज करतात आणि त्यांत काही शक्ती वाया जाते, पण ती घरची असतात. साखळी ओतता येत नाही.

पंप आणि इंजिन

१९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत केंद्रोत्सारी पंप आणि तेल इंजिन यांचे उत्पादन सुरू झाले. याच वर्षी लक्ष्मणरावांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव (जन्म १९०३) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन परतले आणि कारखान्यात रुजू झाले. सायकलीच्या दुकानापासून सुरू झालेले काम येथे वेगळ्या टप्प्यावर आले.

केंद्रोत्सारी पंपात पाण्याला गती देणारा पंखा वेगाने फिरावा लागतो. लहान पंपांत हा वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वर असतो. बैलांचे दोन-तीन फेरे एवढे वाढवायचे तर दातेरी चाकांच्या अनेक जोड्या लागतील, आणि बैलजोडीची जेमतेम एक अश्वशक्ती बरीचशी त्यांच्या घर्षणातच संपेल. हा पंप बैलांसाठी नव्हताच. त्याच्या जोडीला इंजिन असणे अपरिहार्य होते आणि म्हणून एकच कारखाना दोन्ही वस्तूंकडे वळला, हे सयुक्तिक म्हणावे लागेल.

इंजिन आणि पंप यांच्यामध्ये शेतावर पट्टा आला. उदाहरणार्थ, इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेत असेल, त्याची पुली ४० सेंटिमीटर आणि पंपाची १८ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर पंपाला सुमारे १,४४० फेरे मिळतात. पट्ट्याच्या घसरणीमुळे प्रत्यक्षात थोडे कमी. पुली बदलली की वेग बदलतो. इंजिन विहिरीच्या काठावर व पंप थोडा अंतरावर किंवा खालच्या टप्प्यावर ठेवता येतो. तेच इंजिन पट्टा काढून चरकाला, पिठाच्या गिरणीला किंवा मळणीच्या यंत्राला जोडता येते. एका इंजिनाची किंमत अनेक कामांवर विभागली गेली, तरच ते सामान्य बागायतदाराला परवडे. पट्टा उन्हाने सैल होतो, पावसात घसरतो, निसटला तर इजा करतो. पण तुटल्यास शिवता येतो. चरकात जे दाते उपयोगी ठरले त्यांना येथे जागा राहिली नाही, आणि कारणेही तेवढीच व्यावहारिक होती.

वीज आली तेथे हा मधला दुवाही गळला. ५० आवर्तनांच्या विजेवर चालणारी चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते आणि पंपालाही तेवढाच वेग चालतो. दोन्हींचे दांडे एका रेषेत ठेवून कपलिंगने जोडले की पट्टा, पुली किंवा दातेरी चाक यांपैकी काहीच लागत नाही. पाणचक्कीतही चाक आणि जाते यांच्यामध्ये काही नसते, ते याच कारणाने. महाराष्ट्रातील बहुसंख्य खेड्यांत मात्र वीज पोहोचेपर्यंत विहिरीवरील इंजिन व त्याचा पट्टा हेच दृश्य राहिले.

उद्योगाचा विस्तार

१९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. या विस्ताराची धुरा प्रामुख्याने शंतनुरावांकडे होती. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली.

कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी १९२० साली निघालेल्या किर्लोस्कर खबर या पत्रिकेचे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी पुढे किर्लोस्कर या प्रसिद्ध मासिकात रूपांतर केले. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिके त्याच्या जोडीला आली. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना किर्लोस्कर हे नाव पंपाइतकेच या मासिकांमुळेही परिचित होते.

अखेरची वर्षे

उतारवयात लक्ष्मणरावांनी व्यवस्थापनाची सूत्रे पुढील पिढीकडे सोपवली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. किर्लोस्करवाडी येथे पंपांचे उत्पादन अद्याप चालू आहे.